आतलं कुणी सांगायचं?

चौथ्या महिन्याची १७ तारीख, १९१६
थॉर्नबेक

एमॉस,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते चुकून राहिलं असं समजू नकोस. आपण मित्रसभा पंथाची माणसं, नसलेलं लिहीत नाही. हे मला लहानपणी तूच शिकवलंस, तेव्हा आता तुझी शिकवण तुलाच परत.

तुझी चिठ्ठी डार्लिंग्टनहून काल आली. प्रिसिलाच्या घरी नीट पोचलास, खोली उबदार आहे, गुडघा ठणकतो. आणि शेवटी एक ओळ: ‘मी जे खरं तेच बोललो.’ तुझ्या भाच्याला पोलीस कधी उचलतील याचा नेम नाही, मी रोज दाराकडे डोळे लावून बसते, आणि तुझं आपलं एक ओळ लिहून झालं.

लेकीला तू काय सांगितलं असशील कोण जाणे. म्हणून घडलं तसं लिहिते. हे पत्र तिलाही वाचायला दे.

प्रिसिला, लष्करभरतीतून सूट मागणाऱ्यांचं म्हणणं ऐकायला आपल्या शाळेत समिती बसली होती. अध्यक्ष कोण, तर विल्फ्रेड डेंट. बाजारात मेंढ्यांचा लिलाव पुकारणारा. मेंढ्याचे दात मोजावेत तसा तो एकेका पोराकडे बघत होता. माझा रूबेन उभा राहिला. शेतीचं कारण सांगून त्याला सूट मिळाली असती, मी त्याला तसं सुचवलंही होतं. पण तो म्हणाला, मी कुणाला मारणार नाही आणि मारणाऱ्याच्या हाताला हातही लावणार नाही, माझ्या आतला उजेड मला तसं करू देत नाही. डेंट म्हणाला, “मग दाखव की जरा तो उजेड. आमच्या शाळेतला दिवा केव्हाचा धुरकटलाय.” सगळे हसले. रूबेनचे कान लाल झाले, पण तो हलला नाही.

मग डेंटनं मागच्या बाकावर तुझ्या बापाला बघितलं. डोक्यावर टोपी तशीच, कारण आपण कुणापुढे टोपी काढत नाही. डेंट म्हणाला, एमॉस फॉसेट खोटं बोलत नाही हे या खोऱ्यात मेंढ्यांनासुद्धा ठाऊक आहे, तर त्यालाच विचारू. पोराच्या लहानपणीच त्याचा बाप गेला, त्याला यानंच वाढवला. आणि त्यानं विचारलं, “बोल एमॉस, याच्या आत खरोखर श्रद्धा आहे, की भीती?”

एमॉस, एक शब्द पुरला असता. ‘श्रद्धा.’ डेंट कितीही उर्मट असला तरी तुझ्या शब्दाबाहेर गेला नसता, हे त्यानं भर सभेत कबूल केलं होतं. मी तुझ्याकडे पाहत होते. तू उठून टोपी सारखी केलीस, इतका वेळ गप्प राहिलास की मास्तरांचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मग म्हणालास, “मी त्याच्या आत पाहिलेलं नाही. तिथं पाहणारा एकच आहे.”

आणि बसलास.

डेंटनं टेबलावर हात आपटला. ऐकलंत, म्हणाला, सख्ख्या मामालाच खात्री नाही. रूबेनला त्यांनी हत्यार नसलेल्या पलटणीत घातला, गणवेशासकट. तो म्हणाला, मी गणवेश घालणार नाही. म्हणजे आता तुरुंग.

एमॉस, तू गाभण मेंढीच्या पोटावर हात ठेवून आत एक कोकरू आहे की दोन ते सांगतोस. लोक दोन डोंगर ओलांडून मेंढ्या घेऊन तुझ्याकडे येतात. चीजच्या गोळ्याला बाहेरून टिचकी मारून आत भेग आहे का ते तुला कळतं. आणि ज्याला ओढ्यातून बाहेर काढलास, ज्याला गडग्याचे दगड रचायला शिकवलंस, ज्याचा ताप तू हातानं जोखायचास, त्याच्या आत काय आहे ते तेवढं कळत नाही?

मला विचारशील तर कळतं, पण सांगायचं नव्हतं. तुझं शेत पुढं चालवायला रूबेननं गेल्या शरदात नकार दिला. मी शाळेत शिकवीन म्हणाला. त्यानंतर थंडीभर तू आमच्या चुलीपाशी आला नाहीस. तू आतल्या गाठीचा माणूस आहेस, आई नेहमी म्हणायची. ती गाठ त्या दिवशी शाळेत सुटली.

आणि आता मेंढ्या व्यायच्या ऐन दिवसांत उठून लेकीकडे गेलास. असा कोण माणूस मेंढ्या वीत असताना घर सोडतो? तुझ्याही आणि माझ्याही, सगळ्या मेंढ्यांकडे मीच बघते आहे. सभागृहात ज्येष्ठांच्या बाकावरची तुझी जागा रिकामी आहे. एक सांगून ठेवते, त्या बाकावर तू परत बसणार नाहीस. मी बसू देणार नाही.

सोबत तुझा वस्तरा आणि लोकरी बंडी पाठवते आहे. पायात येत होती म्हणून.

लिडिया


आठव्या महिन्याची ३० तारीख, १९१६
थॉर्नबेक

एमॉस,

तुझा कागद मिळाला. तो वाचून मी चूल सोडून अंगणात जाऊन उभी राहिले, नाहीतर काहीतरी फोडलं असतं.

मी काय मागितलं होतं? रूबेन लंडनच्या तुरुंगात आहे. तिथं एक मोठी समिती एकेकाला तपासते आहे, ज्याची श्रद्धा खरी वाटेल त्याला कोठडीतून काढून रस्त्याच्या नाहीतर जंगलाच्या कामावर पाठवणार आहे. ओळखीच्या माणसाचं पत्र चालतं. मी तुला लिहिलं, झालं गेलं ते नंतर भांडू, आता एवढं एक वाक्य लिही, की रूबेन हार्करची श्रद्धा खरी आहे. पोरगा निदान उन्हावाऱ्यात तरी येईल.

तू पानभर लिहिलंस. बघितलं ते, म्हणालास, तेवढं लिहितो. त्यानं सशाच्या फासातून ससा सोडवला आणि फास नेऊन ज्याचा त्याला परत दिला, ते लिहिलंस. शाळेत मुलांना सैनिकांचं गाणं म्हणायला लावलं तेव्हा हा एकटा गप्प उभा राहिला, ते लिहिलंस. इथवर मी डोळे पुसत वाचत होते. आणि खाली काय? ‘त्यानं एकदा गिरणीवाल्याच्या मुलाच्या नाकावर ठोसा मारून रक्त काढलं, तेही मी पाहिलं आहे.’

अरे, कुणी विचारलं होतं? हातानं न मारण्याची श्रद्धा सिद्ध करायची आहे आणि तू नाकातलं रक्त घेऊन निघालास. तो तेव्हा काखेत पाटी घेऊन शाळेत जाणारा पोर होता. त्या गिरणीवाल्याच्या मुलानं आपल्या टोप्यांची टिंगल केली होती, ते तेवढं तुला दिसलं नाही वाटतं.

मी कात्री हातात घेतली होती. ती ओळ कागदाच्या तळाशी होती, कापली असती तर कुणाला कळलंही नसतं. मग परत खुंटीला लावली. त्याचं कारण तुला सांगत बसणार नाही. कागद होता तसा पाठवला.

आज त्यांचं उत्तर आलं. म्हणतात, या पत्रावरून मुलानं काय काय केलं ते कळतं, पण तो आत काय मानतो ते कळत नाही. रूबेनही तसाच. त्यांनी त्याला विचारलं, तुझा मामा ज्येष्ठ असून तुझ्याबद्दल ठाम का लिहीत नाही? तो म्हणाला, त्यालाच विचारा. झालं. पोरगा कोठडीतच आहे.

तुम्ही दोघं एकाच मातीचे. एक सांगत नाही आणि दुसरा सांगायला लावत नाही. आणि मधल्या मध्ये मी.

मला आता त्या ‘आत’ शब्दाचा वीट आलाय. आपल्या लोकांनी तो इतका वापरलाय की झिजून पैशासारखा गुळगुळीत झालाय. सभेत बसलं की आत बघा. बोलायला उठलं की, आतून आलंय की डोक्यातून? पाहुणा आला की आत ये. मोज्यांची आतली बाजू बाहेर. दाराला आतून कडी. परवा बाजारात गावातली ती एजर्टनबाई विचारते, “काय गं, आहे का तुझा आत?” मला वाटलं, घरात आहे का असं विचारते आहे. तिला तुरुंगातच म्हणायचं होतं. एरवी ती मला ‘हार्करबाई’ म्हणते, ‘तुझा’ म्हणून एकेरीत बोलायची तिची ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, हो, आत आहे आणि त्याच्या आत जे आहे ते तुमच्या पोराच्या गणवेशाच्या आत नाही. घरी येऊन वाईट वाटलं. तिचा पोरगा फ्रान्समध्ये आहे, चिखलात.

सोबत चीजचा गोळा आहे. कडेला भेग गेली आहे, बाजारात कुणी घेतला नसता.

लिडिया


दुसऱ्या महिन्याची ११ तारीख, १९१७
थॉर्नबेक

एमॉस,

हे पत्र रूबेनच्या सांगण्यावरून. मी आपणहून लिहिलं नसतं.

त्याला आता उत्तरेकडच्या तुरुंगात हलवलंय. सुटला, दारातच परत गणवेश पुढं केला, त्यानं नाही म्हटलं, परत शिक्षा. मांजर उंदराला सोडून परत पकडतं, तसं चाललंय. शनिवारी, म्हणजे आपल्या सातव्या वारी, मला भेट मिळाली. मध्ये दोन जाळ्या, त्यांच्यामध्ये शिपाई फिरत असलेला. मी पहिल्यांदा त्याला ओळखलंच नाही. कोट खांद्यावरून लोंबत होता, जणू खुंटीवर टांगलाय. पोटात काही ठरत नाही म्हणाला. ते पाण्यातलं पीठ आणि करडा पाव. आतड्यांचं वाटोळं झालंय त्याच्या.

तिथं बोलायची बंदी आहे हे तुला ठाऊक आहे का? कैद्यांनी कैद्यांशी एक शब्द बोलायचा नाही. मी म्हटलं, तुला काय त्याचं, तू तर जन्मल्यापासून गप्प बसायला शिकलास. मला त्याला हसवायचं होतं. तो हसला नाही. म्हणाला, “आई, आपल्या गप्प बसण्यात सगळे एकमेकांची वाट बघत असतात. इथं कुणीच कुणाची वाट बघत नाही.”

मी म्हटलं, धीर धर, आतला उजेड असतो ना तुझ्याजवळ. सवयीनं म्हटलं. माझ्या आईनं मला म्हटलं असतं तसं. तो जाळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “कधी कधी माझं मलाच आत काही दिसत नाही. काळंकुट्ट. मग मी नुसता नाही म्हणत राहतो. सवय म्हणून.”

एमॉस, हे वाक्य घेऊन मी दोन गाड्या बदलून घरी आले. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सभेत सांगितलं तर म्हातारे म्हणतील, बघा, पोराची श्रद्धा ढळली. डेंटनं ऐकलं तर म्हणेल, मी म्हटलं नव्हतं? तुला सांगते आहे, कारण त्यानं तुझं नाव काढलं.

हो, काढलं. वेळ संपत आली तेव्हा विचारलं, मामाचा गुडघा कसा आहे, मेंढ्यांत मेंढे कुणी सोडले, वरच्या गडग्याची पडलेली बाजू कुणी बांधली का. मी उत्तर दिलं नाही. तो म्हणाला, हंसाची चरबी लावायला सांग, मेंढपाळ लावतात ती. इतकंच. शिपायानं घंटा वाजवली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्याच्या एका वाक्यानं हा आत बसला, त्याच्या गुडघ्याची याला काळजी. त्याचा स्वभाव त्याच्या बापावर गेलाय, आपल्या घराण्यावर नाही.

डबीत चरबी आहे. रूबेननं सांगितलं म्हणून.

लिडिया


अकराव्या महिन्याची १२ तारीख, १९१८

एमॉस,

लढाई संपली. गिरजाघराची घंटा काल वाजायला लागली ती थांबेचना. एजर्टनबाईचा पोरगा येणार नाही, तिच्या घराचे पडदे ओढलेले होते. मी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, तुझा तरी आत आहे, तेवढं बरं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून राहिलो. 

रूबेनला अजून सोडलेलं नाही. लढायला कुणी उरलं नाही, तरी न लढणाऱ्याची शिक्षा पुरी व्हायची आहे म्हणे.

तुझं पत्र आलंय. उघडलं नाही. चुलीच्या वरच्या फळीवर आहे.

लिडिया


पाचव्या महिन्याची ६ तारीख, १९१९
थॉर्नबेक

एमॉस,

रूबेन घरी आला. गेल्या महिन्यात. हे मी तुला कळवलं नसतं, पण प्रिसिलानं विचारलं होतं आणि तिच्याशी माझं भांडण नाही.

दार बंद केलं की उठून बाहेर जातो. स्वयंपाकघराचं, खोलीचं, कोठाराचं, कुठलंही. झोपतो गोठ्यात, वरच्या माळ्यावर, जिथं एक बाजू उघडीच आहे. डॉक्टर म्हणाला, पोट कधीच पूर्वीसारखं व्हायचं नाही. शाळेनं त्याला कळवलं, की आता मास्तर म्हणून घेता येणार नाही, पालकांना चालणार नाही. ज्याच्यासाठी त्यानं तुझं शेत नाकारलं, तेही गेलं.

पहिल्या वारी, रविवारी, सभेला आला. सगळे आधी आत बसले होते. तो उंबऱ्यावर बसला, पाय बाहेर, पाठ चौकटीला. दार उघडं राहिलं. डोंगरावर अजून बर्फाचे पट्टे आहेत, वारा सरळ आत येत होता. म्हाताऱ्या मेटकाफबाईचे दात वाजत होते. कुणी दार लावायला उठलं नाही. पुढच्या पहिल्या वारी सगळे घोंगड्या घेऊन आले. मला आपल्या माणसांचा राग येतो, पण अशा वेळी येत नाही.

ज्येष्ठांच्या बाकावर तुझी जागा तशीच आहे. सभा संपताना हात मिळवायला आता जोनाथन हॉजसन शेजारच्या कुणाचा तरी हात शोधतो, कारण त्याच्या बाजूला तू असायचास. मला ती रिकामी जागा बघवत नाही. कुणी मेलं तर जागा रिकामी असते. तू मेलेला नाहीस, तू डार्लिंग्टनला उबेत बसलायस.

म्हणून मी चार गावांच्या मासिक सभेला लेखी कळवलं आहे. एमॉस फॉसेटनं आकसानं साक्ष दिली, आपल्या भाच्यानं शेत नाकारलं त्याचा राग मनात धरून एक खरा शब्द गिळला, म्हणून त्याला ज्येष्ठपदावरून काढावं. असं स्वच्छ लिहिलंय. तीन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, आता करते आहे. सभा आपल्या चालीनं चालेल. गोष्ट मुरू द्यावी म्हणतात, चीज मुरतं तशी. मुरू दे. मला घाई नाही.

रूबेनला सांगितलेलं नाही. त्याला कळेलच.

तुझा चष्मा कोठारात सापडला, मेंढ्यांच्या कात्र्यांमध्ये. इतकी वर्षं कशानं वाचत होतास? पाठवते आहे. इथं ठेवून करू काय.

लिडिया


अकराव्या महिन्याची २३ तारीख, १९१९
थॉर्नबेक

एमॉस,

‘प्रिय’ अजूनही लिहीत नाहीये. पण मासिक सभेत काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून बसले आहे.

काल सभा भरली. चारही गावांची माणसं होती. बाहेर गारा पडत होत्या आणि दार उघडं, कारण रूबेन उंबऱ्यावर. आधी स्मशानाच्या गडग्याचं काम झालं, मग मुलांच्या शाळेचं. मग सभेच्या नोंदी लिहिणाऱ्या जोनाथननं माझं लेखी म्हणणं वाचलं. तुला ठाऊक आहे तो कसा वाचतो, कणकेसारखं मळत मळत. वाचून झालं. मी मेटकाफबाईकडे बघितलं. तिचाही पोरगा तुरुंगात होता. तिनं माझ्याकडे बघून होकाराची मान हलवली. मला वाटलं, झालं. आपल्यात मतं मोजत नाहीत, पण खोलीचा कल कळतो. कल माझ्या बाजूला होता. तुझी बाजू घ्यायला कुणी उठलं नाही, आणि मला, खरं सांगते, त्याचा आनंद झाला.

मग जोनाथननं लेखणी खाली ठेवली. म्हणाला, “लिडिया, तू लिहिलंयस की एमॉस आकसानं तसं बोलला. हे नोंदीत गेलं की कायमचं जाईल. म्हणून विचारतो. हे तू पाहिलंस, की तुला तसं वाटतं?”

मी उठले. मला ‘पाहिलं’ म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता. तीन वर्षं मी तो गिरवत होते, चुलीपुढे, मेंढ्यांपुढे, गाडीत, जाळीपुढे. आणि पाहिलं नव्हतं का? थंडीभर तू चुलीपाशी आला नव्हतास, ते पाहिलं होतं. टोपी सारखी केलीस ते पाहिलं होतं. घड्याळ ऐकलं होतं. मी म्हणायला लागले की थंडीभर तो आमच्याकडे आला नाही. जोनाथन म्हणाला, हो, ते झालं. पण आकस?

रूबेन बाहेर गारांकडे बघत होता. एकदाही मागं वळला नाही. वळला असता तर मी त्याच्यासाठी म्हटलं असतं. तो वळला नाही, म्हणून मला माझं मलाच बोलावं लागलं.

मी म्हटलं, “मला ठाऊक नाही. त्याच्या आत मी पाहिलेलं नाही.”

एमॉस, तुझंच वाक्य. माझ्या तोंडून. माझे कान असे तापले की त्या गारठ्यात मला शाल काढावी लागली. कुणी हसलं नाही, कुणी सुस्कारा टाकला नाही. हसले असते तर परवडलं असतं. मेटकाफबाईनं मान खाली घातली. मी उभीच राहिले, कारण खाली कसं बसायचं ते मला सुचेना. किती वेळ उभी होते कोण जाणे. तू त्या दिवशी शाळेत किती वेळ गप्प उभा होतास, ते मला तिथं कळलं. मी तेव्हा ते मास्तरांच्या घड्याळानं मोजलं होतं.

आता खूश होऊ नकोस. तू बरोबर होतास असं मी म्हटलेलं नाही. मला ठाऊक नाही, एवढंच म्हटलं. एक शब्द कमी बोलून तू त्याचं पोट, त्याची शाळा, त्याची झोप घालवलीस, हे मी आजही म्हणते. आणि एका कमी शब्दानं मी काल तुझी जागा वाचवली, याचा मला राग येतोय, तुझाही आणि माझाही. जोनाथननं नोंद लिहिली, की लिडिया हार्करचं म्हणणं तिनंच पुढं नेलं नाही, सबब एमॉस फॉसेटचं ज्येष्ठपद आहे तसं राहील.

मी परत उठले. म्हटलं, थांब. एक गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, ती लिही. तो मेंढ्या वीत असताना घर सोडून गेला. दोन्ही शेतांच्या मेंढ्या मी एकटीनं बघितल्या, तीन कोकरं गेली. जोनाथन म्हणाला, हे सभेचं काम आहे का? मी म्हटलं, आहे. त्यानं चारही गावांकडे बघितलं. कुणी नाही म्हणालं नाही. तेव्हा तुझ्या नावावर नोंद झाली आहे: ‘एमॉस फॉसेटनं मेंढ्या वीत असताना घर सोडलं, हे योग्य नव्हतं.’ ती शंभर वर्षांनीही तिथं राहील. त्यावर तुला काही म्हणायचं असेल तर सभेपुढे येऊन म्हण.

हात मिळवून सभा संपली. मी बाकावर थांबले नाही, जाऊन उंबऱ्यावर रूबेनशेजारी बसले. दगड बर्फासारखा गार. त्याला म्हटलं, ऐकलंस ना सगळं? तो म्हणाला, ऐकलं. थोड्या वेळानं म्हणाला, “मामाला एक पत्र टाक. वरच्या गडग्याला दोन माणसं लागतात.”

  त्याच्या आत काय आहे, ते आता मी विचारत नाही.

घरी येऊन फळीवरचं तुझं पत्र उघडलं. वर्षभर धूर खाऊन पिवळं झालंय. पाचच ओळी. मी समजत होते की त्यात तू स्वतःची बाजू मांडली असशील. तू लिहिलं होतंस, की मी काय बोललो ते तू रोज ऐकतेस, मी रोज ऐकतो, आणि ते खरं होतं तरी मला झोप येत नाही. इतकंच. हे तू डार्लिंग्टनला बसून लिहिलंस आणि मी फळीवर ठेवलं. त्याबद्दल मला काय वाटतं ते इथं लिहिणार नाही.

पहिल्या वारी सभा नेहमीच्या वेळी. बाकावर तुझी जागा आहे, नोंदीप्रमाणे आहे. पण मी सांगते, त्या उंच बाकावर चढू नकोस. उंबऱ्यावर तिघं मावतात, जरा खेटून बसावं लागेल. दार उघडं असेल. गुडघ्याला वारा लागेल, ते तुझं तू बघ.

या वेळी सोबत काही पाठवत नाही. तुझे जाड हातमोजे विणून झालेत, नवं चीज कापायला आलंय, गडग्याचे दगड वर तसेच पडलेत. हवं असेल ते येऊन घे.

लिडिया